प्रयोगवही : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या टपालात बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे : पुस्तकात दिलंय तसंच केलं, तरी तसं झालं नाही. म्हणून आधी असे फसलेले प्रयोग घेतले आहेत. मधूनमधून पृथ्वीच्या पोटातल्या दोन-तीन शंकाही आहेत.

प्रश्न : परासरणाच्या (पेशीपटलातून पाणी आत-बाहेर जाण्याच्या) प्रयोगात साखरेच्या वेगवेगळ्या द्रावणांत बटाट्याच्या पट्ट्या तासभर ठेवल्या. साध्या पाण्यात ४.८२ ग्रॅमची पट्टी ५.३१ ग्रॅम झाली. ०.२ मोलर (मोलर हे तीव्रतेचं एकक) द्रावणात ५.१० ची ५.२५, ०.४ मध्ये ४.६५ ची ४.४१ आणि ०.६ मध्ये ५.०२ ची ४.५२. इथपर्यंत ठीक. पण ०.८ मध्ये ४.४० ची ४.०६ झाली, म्हणजे घट ०.६ पेक्षाही कमी. मैत्रीण म्हणते, ते वाचन खोडून टाक. खोडू का?

खोडू नकोस. आधी सगळे आकडे टक्क्यांत आण, कारण तुझ्या पट्ट्या सारख्या वजनाच्या नव्हत्या. वजनातला फरक भागिले सुरुवातीचं वजन, गुणिले १०० असं केलं की क्रमाने अधिक १०.२, अधिक २.९, उणे ५.२, उणे १०.० आणि उणे ७.७ टक्के येतात. टक्के काढल्यावरही शेवटचं वाचन वेगळंच राहतं, म्हणजे काहीतरी घडलंय. संशयित तीन आहेत.

पहिला, पट्टी तरंगली. बटाट्याची घनता साधारण १.०८ च्या आसपास असते आणि ०.८ मोलर साखरेच्या द्रावणाची सुमारे १.१०. म्हणजे शेवटच्या पेल्यातली पट्टी बुडालेली नसणार. तिची वरची बाजू तासभर हवेत होती आणि त्या बाजूने पाणी बाहेर जायला द्रावणच नव्हतं. उरलेल्या चार द्रावणांत पट्टी तळाशी बसते, म्हणून घोटाळा नेमका शेवटी दिसतो. पुढच्या वेळी पट्टीत टाचणी खोचून तिला खाली दाब, नाहीतर झाकणाची बाटली घेऊन काठोकाठ भर.

दुसरा संशयित टिपकागद. तीव्र द्रावण पाकासारखं चिकट असतं. त्यातली पट्टी नुसती झटकून तराजूवर ठेवली तर अंगाला लागलेला पाकही वजनात धरला जातो. सगळ्या पट्ट्या सारख्याच टिपायच्या : चारही बाजू आणि दोन्ही टोकं एकदाच कागदावर ठेवायची, दाबायचं नाही. दाबलं तर आतलंही पाणी निघतं आणि चूक उलट्या बाजूला जाते.

तिसरा, द्रावणच ०.८ चं नव्हतं. हे फार जणांचं होतं. ०.८ मोलरचं १०० मिलिलिटर द्रावण करायला २७.४ ग्रॅम साखर लागते (साखरेचं रेणुवस्तुमान ३४२). पण ती १०० मिलिलिटर पाण्यात टाकायची नसते. तसं केलं की विरघळलेली साखर स्वतः सुमारे १७ मिलिलिटर जागा व्यापते, एकूण आकारमान ११७ होतं आणि हाती येतं जेमतेम ०.६८ मोलर द्रावण. साखर आधी ६०-७० मिलिलिटर पाण्यात पूर्ण विरघळवायची आणि मग मोजपात्रातली १०० ची खूण गाठेपर्यंत पाणी घालायचं. ०.२ साठी ६.८, ०.४ साठी १३.७ आणि ०.६ साठी २०.५ ग्रॅम साखर घ्यायची. पातळ द्रावणांत ही चूक लहान असते, तीव्र द्रावणात मोठी. म्हणून हीसुद्धा शेवटीच डोकं वर काढते.

मात्र नुसत्या या चुकीने घट ०.६ पेक्षा कमी होणार नाही, कारण ०.६८ म्हणजे ०.६ पेक्षा जास्तच. तेव्हा मुख्य संशय तरंगण्यावर किंवा टिपण्यावर. वाचन वहीत ठेव, त्याला गोल कर आणि बाजूला कारण लिही. नंतर तेवढं एकच द्रावण नव्याने करून तीन पट्ट्या लाव.

आता या आकड्यांतून मिळणारी खरी गोष्ट. द्रावणाची तीव्रता आडव्या अक्षावर आणि टक्के उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढ. रेषा शून्याला कुठे छेदते? ०.२ ला अधिक २.९ आणि ०.४ ला उणे ५.२, म्हणजे साधारण ०.२७ मोलरला. त्या द्रावणात बटाटा पाणी घेतही नाही, सोडतही नाही. ते त्याच्यासाठी समपरासारी द्रावण. २५ अंश सेल्सिअसला ०.२७ मोलर साखरेच्या द्रावणाचा परासरण दाब साडेसहा-सात वातावरणदाबाइतका भरतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास तिप्पट. पेशीभित्तिका नसती तर साध्या पाण्यात त्या पेशी फुटल्याच असत्या. तुझी पाण्यातली पट्टी हातात घेतल्यावर ताठ लागली असेल आणि ०.६ मधली धरल्यावर वाकली असेल. तो ताठपणा याच दाबाचा.

सगळ्या पट्ट्या एकाच बटाट्याच्या घे आणि साल राहू देऊ नकोस, सालीतून पाणी सहज जात नाही.

प्रश्न : कांद्याच्या पापुद्र्याच्या काचपट्टीवर जाड काळ्या कडांच्या गोल पेशी दिसतात. पुस्तकात त्या विटांसारख्या आयताकृती आहेत. शिवाय एकही हरितलवक (पेशीतला हिरवा कण) दिसत नाही.

गोल आणि जाड काळ्या कडांचे ते हवेचे बुडबुडे. सूक्ष्मदर्शकाचा बारीक समायोजक फिरवला की त्यांची कड जाड-बारीक होते, पेशीभित्तिकेचं तसं होत नाही. आच्छादन काच सपाट टाकली की खाली हवा अडकते. एक कड आधी पाण्याच्या थेंबाला टेकवायची आणि दुसरी सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडायची. पापुद्रा दुमडलेला असला तर कितीही नीट काच ठेवली तरी बुडबुडे येतातच. तो थेंबातच सुईने पसरून घ्यायचा.

हरितलवक न दिसणं बरोबर आहे. कांदा म्हणजे अन्न साठवणारी, जमिनीखाली वाढलेली पानंच. प्रकाश नाही, तर हरितलवकही नाहीत. ते पाहायचे असतील तर पाणवनस्पतीचं कोवळं पान घ्या, मात्र आयोडीन न घालता. आयोडीनने पेशी मरते आणि हरितलवकांची पेशीतली भ्रमंती दिसत नाही.

प्रश्न : पानातल्या स्टार्चची परीक्षा घेताना आयोडीन टाकलं तर पान तपकिरीच राहिलं. कंटाळून बशी तशीच सोडली. दहा मिनिटांनी पाहतो तर पान निळं-काळं! मी काहीच केलं नव्हतं.

पान थंड झालं, एवढंच घडलं. आयोडीन आणि स्टार्च यांचा निळा रंग तापल्यावर जातो आणि थंड झाल्यावर परत येतो. स्टार्चच्या साखळीची सर्पिल वळणं असतात. आयोडीन त्या वळणांच्या पोकळीत बसतं तेव्हा रंग दिसतो. उष्णतेने ते तिथून सुटतं. तू पान गरम पाण्यातून काढून लगेच आयोडीन टाकलं असणार. खात्री करायची तर स्टार्चच्या पातळ द्रावणात आयोडीनचा थेंब टाकून परीक्षानळी गरम पाण्यात धर, मग थंड पाण्यात. निळा रंग डोळ्यांदेखत जातो आणि परत येतो. आमच्या मते हा खेळ मूळ प्रयोगापेक्षा जास्त शिकवतो.

पुन्हा करताना हा क्रम ठेव. झाड दोन दिवस अंधारात, म्हणजे पानातला जुना स्टार्च संपतो. मग चार-सहा तास उन्हात. पान तोडून मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडव. पेशी मरतात, पटलं फाटतात आणि पुढे आयोडीन आत शिरू शकतं. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग पान डागाडागांनी रंगतं. नंतर हरितद्रव्य काढायला अल्कोहोल. पाणी उकळून झाल्यावर ज्योत विझव, आणि मगच अल्कोहोल आणि पान असलेली परीक्षानळी त्या गरम पाण्यात उभी कर. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं आणि त्याची वाफ जवळच्या ज्योतीवर भडकते, म्हणून थेट बर्नरवर कधीच नाही. पाच-दहा मिनिटांत पान पांढुरकं आणि कुरकुरीत होतं. ते चिमट्याने धरलं तर मोडतं, म्हणून क्षणभर कोमट पाण्यात बुडवून मऊ कर, बशीत पसर, थंड होऊ दे आणि मग आयोडीन टाक.

एवढं करूनही रंग आला नाही तर झाड कोणतं ते बघ. कांद्यासारख्या काही एकदलिकित झाडांची पानं स्टार्चऐवजी साखर साठवतात. तिथे प्रकाशसंश्लेषण जोरात चालू असूनही आयोडीन काहीच सांगत नाही. पातळ, रुंद पानांचं द्विदलिकित झाड घेतलंस तर ही अडचण येणार नाही.

प्रश्न : तीन केंद्रांच्या नोंदींवरून भूकंपाचं अपिकेंद्र (भूकंप जिथे सुरू झाला त्याच्या बरोबर वरचा जमिनीवरचा बिंदू) काढायचा सराव विद्यार्थ्यांकडून करून घेते. प्राथमिक आणि दुय्यम लहरींच्या आगमनातलं अंतर १२, २१ आणि ३० सेकंद आहे. तीन वर्तुळं एका बिंदूत भेटतच नाहीत, मध्ये फुगीर त्रिकोण राहतो. मुलं कंपास सैल असल्याचं सांगतात.

कंपासवर आळ घेण्याआधी तो त्रिकोण कसला आहे ते पाहा.

आधी अंतरं तपासू. भूकवचात प्राथमिक लहरींचा वेग सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर आणि दुय्यम लहरींचा ३.५ धरला, तर एक किलोमीटर कापायला पहिलीला ०.१६७ सेकंद लागतात आणि दुसरीला ०.२८६. दर किलोमीटरमागे दुसरी ०.११९ सेकंदाने मागे पडते, म्हणजे एका सेकंदाचा फरक ८.४ किलोमीटरचा. तुमची अंतरं १०१, १७६ आणि २५२ किलोमीटर येतात. दुय्यम लहर ओळखताना एका सेकंदाची चूक झाली तरी वर्तुळ साडेआठ किलोमीटरने हलतं, आणि ही चूक सहज होते, कारण पहिल्या लहरीची थरथर शमायच्या आत दुसरी येते. आडव्या हालचालीच्या नोंदीत ती जास्त उठून दिसते : उंची एकदम वाढते आणि लाटा रुंद होतात. नकाशा १ : ५०,००,००० असेल तर पेन्सिलीची एक मिलिमीटर जाडीच ५ किलोमीटर खाते.

आता त्रिकोण. वर्तुळं एकमेकांपर्यंत पोहोचतच नसतील आणि मध्ये रिकामी जागा राहत असेल, तर बहुधा दुय्यम लहर लवकर वाचली गेली आहे. पण तिन्ही वर्तुळं एकमेकांवर चढून मध्ये सामाईक तुकडा राहत असेल, तर दोष कोणाचाच नाही. आपण मोजलेलं अंतर अपिकेंद्रापर्यंतचं नसतं, जमिनीखालच्या भूकंपनाभीपर्यंतचं तिरपं अंतर असतं. नाभी १० किलोमीटर खोल असेल तर १०१ चं खरं जमिनीवरचं अंतर १००.५, फरक नगण्य. तीच नाभी ६० किलोमीटर खोल असेल तर पायथागोरसने १०१ चे ८१ होतात आणि २५२ चे २४५. जवळच्या केंद्राचं वर्तुळ २० किलोमीटरने मोठं निघतं, लांबच्याचं फक्त ७ ने. फुगीर त्रिकोण त्यातूनच येतो.

या त्रिकोणाचा मध्य अंदाजाने घ्यायचा नसतो. प्रत्येक दोन वर्तुळं जिथे छेदतात ते दोन बिंदू सरळ रेषेने जोडा. अशा तीन सामाईक जीवा होतात आणि वाचनं अचूक असतील तर त्या एकाच बिंदूत भेटतात. तेच अपिकेंद्र. कारण सोपं आहे : खोली तिन्ही केंद्रांना सारखीच, म्हणून त्रिज्येच्या वर्गातून अपिकेंद्रापर्यंतच्या अंतराचा वर्ग वजा केला की तिन्हीकडे खोलीचाच वर्ग उरतो, आणि वर्तुळांच्या जीवा जिथे मिळतात तिथे नेमकं हेच घडतं.

याच आकृतीतून खोलीही मिळते. एखाद्या केंद्रापासून अपिकेंद्रापर्यंत रेषा काढा, अपिकेंद्रात तिला लंब काढा आणि तो त्याच केंद्राच्या वर्तुळाला भिडेपर्यंत वाढवा. अपिकेंद्र ते वर्तुळ ही त्या लंबाची लांबी नकाशाच्या प्रमाणाने मोजली की नाभीची खोली. तिन्ही केंद्रांवरून तीनदा काढून घ्या. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तर काम चोख. एक फटकून असेल तर त्या केंद्राची दुय्यम लहर पुन्हा वाचायला लावा.

८.४ चा हा गुणाकार काही शे किलोमीटरपर्यंतच वापरा. त्याहून लांबच्या लहरी प्रावरणात (भूकवचाखालच्या जाड थरात) शिरून वेगाने येतात, तिथे काळ-अंतराचे तयार आलेखच लागतात.

प्रश्न : प्रावरण जर घन असेल, तर लाव्हा कुठून येतो?

प्रावरण घन आहे याचा पुरावा वरच्याच उत्तरातल्या दुय्यम लहरी. त्या द्रवातून जाऊ शकत नाहीत, पण प्रावरणातून आरपार येतात. त्या थांबतात ते सुमारे २,८९० किलोमीटर खोलीवर, बाह्य गाभ्याशी. तो द्रव आहे. त्याच्या आत, ५,१५० किलोमीटरच्या खाली पुन्हा घन गाभा आहे. हे इंगे लेहमन या डॅनिश शास्त्रज्ञ बाईंनी १९३६ मध्ये भूकंपलहरींवरूनच दाखवलं.

प्रावरणाचा खडक तापलेला असतो, पण वरच्या वजनाने वितळत नाही. तो वर सरकला की दाब उतरतो आणि त्यातला थोडासा भाग वितळतो. दुसरी वाट पाण्याची : भूपट्टाबरोबर खाली गेलेलं पाणी खडकाचा द्रवणांक खाली आणतं. दोन्ही ठिकाणी वितळतो तो खडकाचा लहानसा हिस्सा, आणि लाव्हा येतो त्यातून. आकृत्यांत प्रावरण लालभडक रंगवतात, त्यामुळे तिथे उकळता समुद्र असल्यासारखं वाटतं. घन असूनही तो खडक वाहतो, वर्षाला काही सेंटिमीटर, साधारण नखं वाढतात त्या वेगाने.

प्रश्न : गारगोटी आणि कॅल्साइट दोन्ही पांढरे आणि चमकदार. दोन्हींचा कस (फरशीवर घासल्यावर उमटणारा पुडीचा रंग) पांढराच आला. ओळखायचं कसं?

कसाने नाही. कस घ्यायची बिनचकाकीची चिनीमातीची फरशी काठिण्यात साडेसहा-सातच्या आसपास असते आणि गारगोटीचं काठिण्य ७. फरशीवर उमटलेली पांढरी पूड बहुधा गारगोटीची नसून फरशीचीच असते. गारगोटीनेच फरशी घासली गेली म्हणा ना.

काच वापरा. काचेचं काठिण्य साधारण साडेपाच, गारगोटी तिच्यावर ओरखडा पाडते, कॅल्साइट (काठिण्य ३) पाडत नाही. काच टेबलावर सपाट ठेवा, हातात धरू नका. ओरखडा दिसला की ओल्या बोटाने पुसा. पुसला गेला तर ती काचेवर लागलेली खनिजाची पूड होती, ओरखडा नव्हे. निम्म्या वह्यांत चूक इथेच होते. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब. कॅल्साइट लगेच फसफसतं, गारगोटी ढिम्म राहते. तुटलेली बाजूही पाहा : कॅल्साइट तिरप्या ठोकळ्यांत फुटतं, गारगोटी शिंपल्यासारख्या वक्र कपच्यांत.

मग कसाचा उपयोग काय? रंगीत आणि धातूसारख्या खनिजांना. हेमॅटाइट काळं-चकचकीत असो की लालसर, कस तांबडा-तपकिरीच. पायराइट सोन्यासारखं पिवळं दिसतं, पण कस हिरवट काळा. सोन्याचा कस पिवळा असतो.

प्रश्न : चुनखडकातल्या शंखाच्या जीवाश्माचं वय कार्बन-१४ ने काढता येईल का? शंखात कार्बन तर असतोच.

कार्बन असतो, कार्बन-१४ उरलेला नसतो. त्याचा अर्धायुकाल (निम्मा भाग नष्ट व्हायला लागणारा काळ) ५,७३० वर्षं. दहा अर्धायुकालांत, म्हणजे ५७,३०० वर्षांत, मूळच्या १,०२४ भागांतला एकच भाग शिल्लक राहतो. त्यामुळे सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे ही पद्धत थकते. जीवाश्म असलेला घट्ट चुनखडक बहुधा लाखो-कोट्यवधी वर्षांचा असतो. अशा नमुन्याचं वय प्रयोगशाळेने ४५,००० वर्षं काढलं, तर ते शंखाचं वय नसतं. नंतर पाण्याबरोबर किंवा हाताळताना आत शिरलेल्या नव्या कार्बनची ती नोंद असते.

अशा वेळी त्या थराच्या वर आणि खाली ज्वालामुखीच्या राखेचे थर शोधतात. राखेतल्या झिरकॉनच्या कणांत युरेनियम असतं. युरेनियम-२३८ चा अर्धायुकाल ४४७ कोटी वर्षं. किती युरेनियमचं शिसं झालं ते मोजलं की राखेचं वय कळतं, आणि शंख त्या दोन वयांच्या मधला. राख सापडलीच नाही, तर त्याच थरातले दुसरे ओळखीचे जीवाश्म पाहून वय ठरवतात.